शब्द न कळलेले गाणे

अमेरिकेत संगीताच्या व्यापाराला वाहिलेले ‘बिलबोर्ड’ नावाचे एक नियतकालिक आहे. ऑगस्ट 1958 पासून ते दर आठवड्यास शंभर लोकप्रिय गाण्यांची क्रमवार यादी प्रसिद्ध करीत आले. तबकड्या किती खपल्या आणि रेडिओवर कोणते गाणे किती वेळा वाजले, यांवरून ही यादी सिद्ध होत असे. 15 जून 1963 या तारखेच्या यादीत पहिल्या स्थानावर एक जपानी गाणे येऊन बसले आणि तीन आठवडे तेथून हलले नाही. तबकडीवर गाण्याचे नाव छापले होते ‘सुकियाकी’. सुकियाकी हा जपानी लोकांचा एक आवडता खाद्यपदार्थ आहे. गोमांसाचे पातळ काप, सोयाबीनचे पनीर, पातीचा कांदा ही सामग्री गोडसर रसात शिजवावयाची आणि कच्च्या अंड्यात बुडवून खावयाची. परंतु या गाण्यात मांस नाही, कांदा नाही, जेवणाचा साधा उल्लेखदेखील नाही. डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळू नये म्हणून मान वर करून रात्रीच्या वेळी एकटाच चालत निघालेल्या माणसाचे हे गाणे आहे. मूळ नाव ‘उए ओ मुइते अरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालू या’. ज्या लक्षावधी अमेरिकनांनी ते विकत घेतले, त्यांपैकी बहुतेकांना त्यातला एकही शब्द कळत नव्हता.

‘पॉप’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील जाणत्या रसिकांच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. एका मोसमात गाजावे आणि पुढच्या मोसमात कोणी नावही काढू नये, ही या जातीच्या बहुतेक गाण्यांची जन्मपत्रिका. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या गाण्याचे शब्द कळत नाहीत, ज्याचे नाव चुकीचे आहे आणि ज्याच्या देशाशी आपण अठरा वर्षांपूर्वी लढलो होतो, ते गाणे एखादा समाज डोक्यावर घेतो, तेव्हा तो नेमके काय ऐकत असतो? या प्रश्नासाठी हे गाणे थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्याच्या जन्माची हकीकत. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची आणि गळा क्यू साकामोतो याचा. जपानी भाषेत ‘रोकु’ म्हणजे सहा, ‘हाची’ म्हणजे आठ आणि ‘क्यू’ म्हणजे नऊ. म्हणून या तिघांना तिकडे गमतीने ‘सहा-आठ-नऊ’ म्हणत. एई हे टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या घराण्यातले. नाकामुरा हे जॅझ संगीतातले नामांकित पियानोवादक. त्यांचा जन्म चीनमधल्या चिंगदाओ शहरात झाला होता. या दोघांच्या एका गीताला 1959 साली जपानचे पहिले वार्षिक ध्वनिमुद्रिका-पारितोषिक मिळालेले होते. साकामोतो वयाने सर्वांत धाकटा, कावासाकीचा, आईवडिलांचे नववे अपत्य. अमेरिकन रॉकच्या धर्तीवर गाणारा हसऱ्या चेहऱ्याचा पोरगा, एवढीच तोवर त्याची ओळख.

आता 1960 साल आठवावे लागते. जपान आणि अमेरिका यांच्यामधील संरक्षणविषयक करार त्या वर्षी नव्याने होत होता. पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी मे महिन्यात विरोधकांना बाजूस सारून तो कनिष्ठ सभागृहात संमत करून घेतला, आणि टोकियोच्या रस्त्यांवर लोकांचा पूर लोटला. विद्यार्थी, कामगार, लेखक, नट, गृहिणी असे सर्व थरांतले लोक संसदेभोवती जमत होते. 15 जून 1960 रोजी संसदेच्या आवारात पोलिसांशी झालेल्या चकमकीत टोकियो विद्यापीठाची कानबा मिचिको ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. अमेरिकेच्या अध्यक्षांची ठरलेली भेट रद्द झाली. पण 19 जूनच्या मध्यरात्री करार आपोआप मंजूर झाला. किशींना पुढच्या महिन्यात पायउतार व्हावे लागले. करार मात्र राहिला. इतक्या लोकांनी इतके चालून, इतके ओरडून हाती काय आले, हा प्रश्न त्या पिढीच्या मनात रुतून बसला. सत्तावीस वर्षांचे एई त्या मोर्च्यांत सामील झालेले होते. अशाच एका निदर्शनानंतर घरी परतताना मनात दाटलेल्या पराभवाच्या भावनेतून हे गीत सुचले, असे सांगितले जाते.

परंतु गीतात यांतले काही आहे काय? करार नाही, संसद नाही, मृत्यू नाही. गेलेले ऋतू आठवतात, चांदणे अश्रूंतून धूसर दिसते, सुख कुठेतरी ढगांच्या पलीकडे आहे, आणि माणूस चालतो आहे. दुःखाचे कारण कवीने सांगितलेच नाही. मला वाटते, या गाण्याच्या पुढच्या साऱ्या प्रवासाचे बीज येथेच आहे. एईंनी कारण लिहिले असते तर ते 1960 सालचे एक प्रचारगीत झाले असते आणि करारावरची शाई वाळण्यापूर्वीच विसरले गेले असते. त्यांनी कारण वगळले आणि केवळ चालण्याची रीत ठेवली. रडू आवरण्याचा हा उपाय किती पोरकट आहे पाहा. मान वर केली म्हणून पाणी डोळ्यांत थोडेच राहते! पण मोठ्या माणसाने लहान मुलाची युक्ती करावी, यातच ती वेदना दिसते. आपल्या घरांतही असे लोक आपण पाहिले आहेत. दुःख विचारले की ‘धूर गेला डोळ्यांत’ म्हणून पदर लावणाऱ्या बायका काही थोड्या नव्हत्या.

1961 च्या उन्हाळ्यात नाकामुरांनी आपल्या एका जलशात हे गाणे प्रथम रंगमंचावर आणले. त्यानंतर जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेच्या दूरचित्रवाणीवरील एका शनिवार रात्रीच्या कार्यक्रमात ते देशभर पोचले. साकामोतोने ते म्हटले तेव्हा कवी मात्र नाराज झाले. कारण त्या एकोणीस वर्षांच्या पोराने साधे शब्द सरळ म्हटलेच नाहीत. एकेक अक्षर त्याने तोडले, मध्येच ‘ऊ’ आणि ‘ओ’ यांना हेलकावे दिले, उचकी लागावी तसा स्वर मध्येच उडविला. अमेरिकन रॉक गायकांचे ऐकून तरुण गायकांनी उचललेली ही लकब होती. आपल्या शब्दांची थट्टा चालली आहे की काय, असे एईंना वाटले. गीतकाराचा हा राग मला समजतो. पण ध्वनिमुद्रिका ऐकताना वाटते की गायक कवीपेक्षा अधिक बरोबर होता. रडू आवरणाऱ्या माणसाचा आवाज तुटतोच. गायकाने तो शोकाने तोडला असता तर ते नाटक झाले असते. त्याने तो हसऱ्या चेहऱ्याने, खेळकरपणे तोडला. मध्येच एके ठिकाणी तर शब्द संपतात आणि तो शीळ घालतो. बोलता येईनासे झाले की माणूस शीळ घालतो, हे कोणत्याही भाषेत सांगावे लागत नाही.

चालीविषयी एक गोष्ट आपल्याकडील श्रोत्यांना विशेष रुचेल. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य स्वरसप्तकाशी ओळख झाल्यावर एक पाच स्वरांची मांडणी रूढ झाली. तिला ‘योनानुकी’ म्हणतात. ‘यो’ म्हणजे चौथा, ‘ना’ म्हणजे सातवा आणि ‘नुकी’ म्हणजे वगळलेला. चौथा म्हणजे मध्यम आणि सातवा म्हणजे निषाद. हे दोन वर्ज्य केले की उरतात सा, रे, ग, प, ध. ग्वाल्हेरच्या किंवा बडोद्याच्या गायनशाळेत पहिल्या वर्षाला बसलेला मुलगाही सांगेल की हे भूपाचे स्वर झाले. नाकामुरांच्या चालीचा मुख्य भाग याच पाच स्वरांवर फिरतो. मधल्या भागात ती ही चौकट ओलांडते आणि खाली वाजणारी स्वरांची जुळणी तर सर्वस्वी जॅझची आहे. तेव्हा हा भूप राग आहे असे कोणी समजू नये. रागाला लागणारे चलन, न्यास यांतले येथे काही नाही. पण पाच स्वरांचा हा सांगाडा चीनपासून स्कॉटलंडपर्यंत लोकगीतांत सापडतो. टोकियोत रचलेली चाल परक्या कानाला परकी वाटली नाही, याचे हे एक कारण असावे.

15 ऑक्टोबर 1961 रोजी तोशिबा कंपनीने तबकडी बाजारात आणली. ज्याला ‘सिंगल’ म्हणतात ती ही लहान तबकडी. मिनिटाला 45 फेरे घेणारी, एका बाजूस एकच गाणे मावणारी. अमेरिकेतल्या आरसीए व्हिक्टर कंपनीने 1949 साली ती काढली. तीन मिनिटांत सारे सांगून मोकळे व्हावयाचे, हा तिचा कायदा. आपले भावगीतही तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या मापातच वाढले, म्हणून या कायद्याला कोणी नाके मुरडण्याचे कारण नाही. जपानात गाणे गाजले. जपानी गाणे जपानात गाजले, एवढ्यावर ही कथा संपावयास हवी होती.

ती संपली नाही याचे श्रेय, आणि अपश्रेयही, एका इंग्रज व्यापाऱ्याकडे जाते. ब्रिटनमधल्या पाय रेकॉर्ड्स या कंपनीचे लुई बेंजामिन 1962 साली जपानला गेले असता त्यांच्या कानी हे गाणे पडले. परत आल्यावर त्यांनी केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून नुसती चाल वाजवून घेतली. मूळ नाव इंग्रज जिभेला आणि दुकानदाराच्या वहीला झेपणार नाही म्हणून त्यांनी आपल्या आवडत्या पदार्थाचे नाव गाण्याला दिले. जानेवारी 1963 मध्ये ती तबकडी निघाली आणि ब्रिटनच्या यादीत दहाव्या स्थानापर्यंत चढली. मग हिज मास्टर्स व्हॉइसने साकामोतोचे मूळ गाणे त्याच नावाने आणले आणि ते सहाव्या स्थानापर्यंत गेले. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकात तेव्हा कोणीसे मार्मिक लिहिले होते की, ‘मून रिव्हर’ हे इंग्रजी गीत जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ या नावाने विकावे तसा हा प्रकार झाला.

नावाची ही मोडतोड हसण्यावारी नेण्याजोगी आहे खरी, पण आपण बडोदे, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर या गावांचे लोक. आपल्या गावाचे नाव साहेबाच्या कागदावर एक, शेजाऱ्याच्या तोंडी दुसरे आणि आपल्या घरात तिसरे, याची आपल्याला सवय आहे. तरी तेथे निदान गावाचे नाव गावाच्या नावावरूनच मोडले गेले. कवितेला जेवणातल्या पदार्थाचे नाव देणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात ‘जपान म्हणजे तो पदार्थ, ती हॉटेलातली चव’ एवढ्यावर एक सारा देश आटोपण्याची घाई आहे. अज्ञान एक वेळ क्षमेस पात्र ठरेल. पण बेंजामिनसाहेबांचे हे अज्ञान नव्हते. गिऱ्हाइकाला कळण्याची गरजच नाही, हा व्यापारी हिशेब होता.

गिऱ्हाइकाने मात्र तो हिशेब चुकविला. अमेरिकेत या गाण्याची सुरुवात कोणत्याही कंपनीच्या मोठ्या मोहिमेतून झाली नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को नावाच्या लहान गावी केओआरडी हे एक स्थानिक रेडिओ केंद्र होते. तेथील निवेदकाने ही जपानी तबकडी लावली आणि ऐकणाऱ्यांचे दूरध्वनी सुरू झाले. हे काय आहे, पुन्हा लावा, कोठे मिळेल? आपल्या ‘आपली आवड’ कार्यक्रमाकडे जशी पोस्टकार्डे येत, तसेच हे. मागणी वाढली तेव्हा कॅपिटॉल कंपनीने तबकडी काढली आणि ब्रिटनमधले तेच चुकीचे नाव कायम ठेवले.

पास्को हे गाव कोठे आहे, हेही सांगितले पाहिजे. त्याच्याजवळच हॅनफर्ड येथे युद्धकाळात अणुभट्ट्या उभारल्या गेल्या होत्या. 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम तेथे तयार झाले. अठरा वर्षांनंतर त्याच परिसरातल्या घराघरांतून एका जपानी पोराचा आवाज पुन्हा पुन्हा मागविला जात होता. त्या श्रोत्यांच्या मनात काय होते याचा कोणताही पुरावा नाही, आणि मी तो कल्पनेने निर्माण करणार नाही. बहुधा चाल आवडली, इतकेच असेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना 1942 साली घरदार सोडावयास लावून तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. त्यांच्यातले पुष्कळसे तेथेच जन्मलेले नागरिक होते. 1963 सालीही त्या गोष्टीबद्दल सरकारने क्षमा मागितलेली नव्हती. ती 1988 साली मागितली गेली. शिवाय ज्या आठवड्यात हे गाणे पहिल्या क्रमांकावर आले, त्याच आठवड्यात, 12 जून रोजी, मेडगर एव्हर्स या निग्रो चळवळीच्या पुढाऱ्याला मिसिसिपी राज्यात त्याच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. तेव्हा एक गाणे गाजले म्हणून मने निवळली, असे भोळेपणाने म्हणणे मला पटत नाही. मनुष्य परक्याचे गाणे घरात घेतो आणि परक्याला दाराबाहेर उभा करतो, याची उदाहरणे कोणत्याही देशात मिळतील.

तारखांचा एक योगायोग मात्र मनाला चटका लावून जातो. बिलबोर्डच्या यादीवरची तारीख 15 जून 1963 ही होती. कानबा मिचिको गेली ती 15 जून 1960 रोजी. ज्या अमेरिकेशी होणाऱ्या करारापायी ते आंदोलन झाले, त्याच अमेरिकेने बरोबर तिसऱ्या वर्षदिनी त्या पराभवाच्या गाण्याला शिरोभागी बसविले, आणि दोन्हीकडे कोणाला त्याची जाणीव असण्याचे कारण नव्हते.

ऑगस्ट 1963 मध्ये साकामोतो अमेरिकेत गेला आणि स्टीव्ह ॲलन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायला. अमेरिकेत दहा लाखांवर प्रती खपल्याबद्दल पुढच्या वर्षी त्याला सोन्याची तबकडी मिळाली. जगभरचा खप एक कोटी तीस लाखांपर्यंत गेल्याचे सांगतात. व्यापाऱ्यांनी साहजिकच तोच मंत्र पुन्हा म्हणून पाहिला आणि त्याचे दुसरे गाणे ‘चायना नाइट्स’ या नावाने अमेरिकेत आणले. ते अठ्ठावन्नाव्या स्थानाच्या वर गेले नाही. जपानी भाषेतले दुसरे कोणतेही गाणे नंतरच्या साठ वर्षांत त्या यादीत पहिले आले नाही. हुकमी यशाची कृती कंपन्यांना सापडली असती तर त्यांनी ती दर महिन्यास वापरली असती.

1981 साली ‘ए टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकन गायिकांच्या संचाने हेच गाणे इंग्रजी शब्दांत म्हटले. प्रियकर सोडून गेला म्हणून रडू येते, असे त्याला स्वच्छ कारण जोडले, आणि नाव ठेवले तेच, ‘सुकियाकी’. ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. गोड आहे, नेटके आहे. पण कारण कळले आणि गाणे लहान झाले, असे मला ते ऐकताना वाटते. शब्द न कळता ज्यांनी मूळ गाणे ऐकले, त्यांना कवीच्या मनातले दुःख कळले नव्हते हे खरे. परंतु कवीने ते कोणालाच सांगितलेले नव्हते, जपानी श्रोत्यालाही नाही. टोकियोतला कारकून आणि पास्कोतली गृहिणी यांच्यात या बाबतीत वाटते तितके अंतर नव्हते. दोघांनी आपापले कारण त्यात घातले.

12 ऑगस्ट 1985 च्या संध्याकाळी टोकियोहून ओसाकाकडे निघालेले जपान एअरलाइन्सचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच मागील बाजूस फुटले आणि सुमारे अर्धा तास भरकटून गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर कोसळले. 524 जणांपैकी चौघे वाचले. मृतांत त्रेचाळीस वर्षांचा क्यू साकामोतो होता. नाकामुरा 1992 साली गेले. एईंनी गीतलेखन बाजूस ठेवून पुढे नभोवाणीवर बोलण्याचेच काम केले. 1967 साली सुरू झालेला त्यांचा एक कार्यक्रम 2013 पर्यंत चालला. 2016 च्या जुलैत त्यांचे निधन झाले. मार्च 2011 मध्ये भूकंप आणि समुद्राच्या लाटांनी जपानचा ईशान्य किनारा उद्ध्वस्त झाला, तेव्हा दूरचित्रवाणीवर अनेक नामवंतांनी एकेक ओळ म्हणून हे गाणे पुन्हा लोकांपुढे आणले. त्या वेळी त्याला कोणी कारण विचारले नाही.

साकामोतोच्या जन्मगावी, कावासाकीत, केइक्यू रेल्वेच्या स्थानकावर 2008 साली गाडी येत असल्याची सूचना देण्यासाठी एक चाल निवडण्यात आली. ती याच गाण्याची होती. चाल काही सेकंदांचीच असते, शब्द नसतात, आणि तोवर गाडी फलाटाला लागते.